प्रोटॉनच्या अंतरंगाचा शोध आणि महाराष्ट्रातील भौतिकशास्त्र : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

प्रोटॉन हा मूलभूत व अविभाज्य कण आहे, ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील समजूत उत्तरार्धातील उच्च-ऊर्जा टक्करींच्या प्रयोगांनी मोडीत काढली. प्रस्तुत निबंधात या शोधाचा १९०९ पासूनचा इतिहास थोडक्यात मांडून त्यात महाराष्ट्रातील संस्था व मराठी संशोधकांचा वाटा कोणत्या मार्गांनी पडला, याचा आढावा घेतला आहे. विश्वकिरण, सैद्धांतिक गणित आणि आंतरराष्ट्रीय प्रयोगांतील भागीदारी असे हे तीन मार्ग होत. संशोधन संस्था व विद्यापीठे यांच्यात स्वातंत्र्यानंतर पडलेल्या अंतराचा परिणाम परभणीसारख्या जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणावर कसा झाला, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : प्रोटॉन, क्वार्क, ग्लुऑन, प्रकीर्णन, विश्वकिरण, टाटा मूलभूत संशोधन संस्था, विद्यापीठीय संशोधन, मराठवाडा.

१. प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा दोनच पद्धती आढळतात. एक, पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधांची कालानुक्रमे यादी देणे. आणि दुसरी, भारतीय शास्त्रज्ञांची गौरवपर चरित्रे सांगणे. पहिलीत आपण कोठेच नसतो आणि दुसरीत आपल्याशिवाय कोणीच नसते. वास्तविक इतिहास या दोहोंच्या मध्ये असतो. एखादा प्रश्न जगभर कसा विकसित झाला आणि त्याच्या कोणत्या वळणावर येथील माणसे, येथील संस्था व येथील भूगोलही उपयोगी पडला, हे तपासल्याशिवाय तो हाती लागत नाही.

प्रोटॉनच्या अंतर्गत रचनेचा प्रश्न या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून प्रोटॉनची ओळख अणुकेंद्रकातील धनभारित कण अशी करून दिली जाते. पदवी स्तरावर त्यात तीन क्वार्क असतात, एवढी भर पडते आणि विषय तेथेच थांबतो. प्रत्यक्षात तीन क्वार्कांचे हे चित्रही अपुरे आहे. प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेइतके आहे. तर त्यातील तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज ९ दशलक्षांच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक टक्का भरते. उरलेले नव्व्याण्णव टक्के वस्तुमान क्वार्कांच्या गतीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्राच्या ऊर्जेतून येते. आपल्या शरीराचे, शेतातील मातीचे आणि गोदावरीच्या पाण्याचे वजन मुख्यतः अशा बंधनाच्या ऊर्जेचे वजन आहे, हे या संशोधनाचे फलित होय. हे ज्ञान कोणी व कसे मिळवले आणि त्यात सहभागी होण्यासाठी कोणती साधने लागली, हा या निबंधाचा विषय आहे.

२. 'अविभाज्य' प्रोटॉनला गेलेला पहिला तडा

अंतरंग पाहावयाचे तर त्यावर काही तरी आदळवून ते कोणत्या दिशेने उडते हे पाहावे, ही पद्धत अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत रूढ झाली. १९०९ मध्ये गायगर व मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. काही कण अनपेक्षितपणे मोठ्या कोनातून मागे फिरले आणि त्यावरून १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली. १९१९ मध्ये त्यांनी नायट्रोजनवर अल्फा कण आदळवून त्यातून हायड्रोजनची केंद्रके बाहेर पडतात, असे दाखविले. याच केंद्रकाला १९२० च्या सुमारास 'प्रोटॉन' हे नाव मिळाले.

प्रोटॉन हा बिंदुवत् कण नसावा, अशी पहिली ठोस शंका १९३३ मध्ये उत्पन्न झाली. ओटो स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम्बुर्ग येथे प्रोटॉनचे चुंबकीय परिबल मोजले. डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार बिंदुवत् कणासाठी ते जेवढे असावयास हवे, त्याच्या सुमारे अडीच पट ते भरले. आजचे अचूक मूल्य सुमारे २.७९ पट आहे. या विसंगतीचा एक सरळ अर्थ असा होता की, प्रोटॉनच्या आत विद्युत्‌प्रवाहांना जागा आहे.

ही जागा किती, हे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने मोजले. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जितकी अधिक तितकी त्याची तरंगलांबी कमी आणि तितका बारीक तपशील दिसतो, हे पुंजयामिकीचे तत्त्व या प्रयोगांच्या मुळाशी होते. प्रोटॉनचा विद्युत्‌भार एका बिंदूत एकवटलेला नसून मीटरच्या एक-सहस्रलक्षकोट्यंश भागापेक्षा थोड्या कमी त्रिज्येत पसरलेला आहे, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोटॉनला आकार आहे हे सिद्ध झाले. त्या आकारात काय भरले आहे, हे मात्र अज्ञातच राहिले.

३. आकाशातून येणारे प्रोटॉन : मुंबई आणि हैदराबाद

ज्या काळात स्टॅनफर्डला असे यंत्र उभे राहत होते, त्या काळात भारताला तसे यंत्र परवडणे अशक्य होते. तथापि निसर्गाने एक प्रवेगक विनामूल्य उपलब्ध करून दिलेला होता. बाह्य अवकाशातून पृथ्वीच्या वातावरणावर सतत आदळणाऱ्या विश्वकिरणांत सुमारे नऊ-दशांश कण प्रोटॉनच असतात आणि त्यांतील काहींची ऊर्जा मानवनिर्मित यंत्रांच्या कितीतरी पलीकडची असते. होमी भाभा यांनी नेमकी हीच बाजू हेरली.

१९०९ साली मुंबईत जन्मलेल्या भाभा यांनी केंब्रिज येथे असताना १९३५ मध्ये इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या प्रकीर्णनाचे गणित मांडले. 'भाभा प्रकीर्णन' या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया पुढे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्करयंत्रांमध्ये टक्करींचे प्रमाण मोजण्याचे प्रमाणभूत साधन ठरली. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत दिला. दुसऱ्या महायुद्धामुळे ते भारतातच राहिले आणि टाटा विश्वस्त निधीच्या आधाराने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना झाली. बंगळूर येथे सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात आली आणि १९६२ मध्ये कुलाबा येथील नव्या वास्तूचे औपचारिक उद्घाटन झाले.

१९५३ मध्ये भाभा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मेसॉन कणांच्या निर्मितीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. क्षेत्रऊर्जेचे स्थान हा त्याचा विषय होता. उच्च ऊर्जेच्या टक्करीत दोन न्यूक्लिऑनांची सर्व ऊर्जा एकसंधपणे उपयोगात येते असे न मानता त्यांच्या विस्ताराचा व त्यात ऊर्जा कोठे आहे याचा विचार करावा, असा त्यामागचा रोख होता. यात क्वार्कांचे पूर्वचिन्ह शोधणे अनैतिहासिक ठरेल. परंतु 'टक्कर संपूर्ण प्रोटॉनची की त्याच्या भागांची?' हा पुढील पंधरा वर्षांनी निर्णायक ठरलेला प्रश्न मुंबईत विश्वकिरणांच्या निमित्ताने विचारला जात होता, एवढे निश्चित म्हणता येते.

प्रायोगिक कार्यासाठी संस्थेने फुग्यांचा आधार घेतला. प्लॅस्टिकच्या पातळ आवरणाचे प्रचंड फुगे, त्यांना टांगलेल्या छायाचित्रण-पायसाच्या थाळ्या आणि वातावरणाच्या वरच्या थरांतील काही तासांचा प्रवास असे या प्रयोगांचे स्वरूप होते. त्यांसाठी हैदराबादची निवड होण्यामागे भूगोल होता. भूचुंबकीय विषुववृत्तानजीक पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांना परतवून लावते. हैदराबादच्या परिसरात उभ्या दिशेने येणाऱ्या प्रोटॉनांसाठी ही मर्यादा सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे तेथे निसर्गतःच फक्त उच्च ऊर्जेचे प्रोटॉन गाळून मिळतात. वरच्या वाऱ्यांबरोबर वाहत जाणारी ही उपकरणे तेलंगण, उत्तर कर्नाटक आणि विदर्भ-मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या टापूत उतरू शकतात. त्यामुळे सापडलेले उपकरण उघडू नये व पोलीस ठाण्यास कळवावे, अशा आशयाच्या सूचना या भागातील नागरिकांसाठी प्रसिद्ध केल्या जातात. मराठवाड्याचे उच्च-ऊर्जा भौतिकशास्त्राशी आलेले हे बहुधा सर्वांत जुने नाते होय. त्यात या प्रदेशाची भूमिका मात्र उपकरण झेलण्यापुरतीच होती, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

४. स्टॅनफर्ड ते हॅम्बुर्ग : क्वार्क आणि ग्लुऑन

१९५० च्या दशकाअखेरीस नवनव्या कणांची इतकी गर्दी झाली की, ते सर्वच मूलभूत असणे संभवनीय वाटेना. १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे असे सुचविले की, प्रोटॉनसारखे कण तीन घटकांचे बनलेले असावेत. या घटकांचा विद्युत्‌भार इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश वा दोन-तृतीयांश पटीत असावा लागतो. असा अपूर्णांकी भार कोणीही पाहिलेला नसल्याने अनेकांनी क्वार्क हे केवळ गणिती सोयीचे साधन मानले.

ही स्थिती स्टॅनफर्ड येथील तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या रेषीय प्रवेगकाने बदलली. १९६७ पासून फ्रीडमन, केंडॉल व टेलर यांच्या गटांनी २० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या इलेक्ट्रॉनांचा प्रोटॉनवर मारा केला. प्रोटॉन हा मऊ, एकजिनसी गोळा असता तर मोठ्या कोनातून वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने घटावयास हवी होती. ती घटली नाही. रदरफर्ड यांच्या सोन्याच्या पत्र्याचीच ही पुनरावृत्ती होती. फरक इतकाच की, या वेळी कठीण कण अणूच्या नव्हे तर प्रोटॉनच्या आत होते. जेम्स ब्यॉर्केन यांनी या निष्कर्षांतील साधेपणाचा नियम ओळखला आणि रिचर्ड फाइनमन यांनी प्रोटॉन म्हणजे 'पार्टॉन' नामक बिंदुवत् कणांचा समूह, असे चित्र उभे केले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सर्न येथील गार्गामेल बुद्बुदपेटीतील न्यूट्रिनोंचे प्रयोग व स्टॅनफर्डचे निष्कर्ष ताडून पाहता पार्टॉनांचा भार क्वार्कांच्या अपूर्णांकी भाराशी जुळला. स्टॅनफर्डच्या प्रयोगांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक नवी अडचण उद्भवली. सर्व क्वार्कांच्या संवेगाची बेरीज केली असता ती प्रोटॉनच्या संवेगाच्या केवळ निम्मी भरली. उरलेला निम्मा वाटा कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ग्लुऑन. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक व पोलिट्झर यांनी असे दाखवून दिले की, प्रबल बल अत्यंत कमी अंतरावर क्षीण होते व अंतर वाढू लागले की घट्ट होते. त्यामुळे जोरदार टक्करीत क्वार्क मोकळे असल्यासारखे वागतात, पण बाहेर मात्र कधीच पडत नाहीत. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा यंत्रावर तीन फवाऱ्यांच्या स्वरूपात ग्लुऑनचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

याच शहरात १९९२ ते २००७ या काळात हेरा हे ६.३ किलोमीटर परिघाचे यंत्र कार्यरत होते. त्यात इलेक्ट्रॉन व प्रोटॉन समोरासमोर आदळत. प्रोटॉनच्या संवेगाचा जितका लहान अंश वाहणारे घटक पाहावेत तितकी ग्लुऑनांची व क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांची गर्दी वाढत जाते, हे हेराने दाखविले. ही गर्दीही समप्रमाणात नसते. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या सीक्वेस्ट प्रयोगाने २०२१ मध्ये प्रोटॉनमध्ये 'अप' प्रकारापेक्षा 'डाउन' प्रकारचे प्रतिक्वार्क अधिक असल्याचे पुन्हा एकदा दाखवून दिले. तीन क्वार्कांचे चित्र हे त्या गर्दीचे केवळ ढोबळ रेखाटन आहे.

५. विद्यापीठाच्या विभागातून : रोहिणी गोडबोले यांचे कार्य

या इतिहासात महाराष्ट्राचा दुसरा मार्ग सैद्धांतिक होता आणि त्यातील ठळक नाव रोहिणी गोडबोले यांचे आहे. १९५२ साली पुण्यात जन्मलेल्या गोडबोले यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत आणि पदवीचे शिक्षण सर परशुरामभाऊ महाविद्यालयात झाले. मुंबईच्या आयआयटीतून एम. एस्सी. झाल्यावर त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथून १९७९ मध्ये पीएच. डी. मिळविली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीन वर्षे संशोधन केल्यानंतर १९८२ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अधिव्याख्याता म्हणून रुजू झाल्या व १९९५ पर्यंत तेथे होत्या. त्यानंतर त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या.

१९८३ मध्ये गोडबोले, संदीप पाक्वासा व डी. पी. रॉय यांनी प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टक्करींत टॉप क्वार्क कसा ओळखावा, याविषयी निबंध प्रसिद्ध केला. जड क्वार्कच्या विघटनातून निघणारा इलेक्ट्रॉन वा म्यूऑन इतर कणांपासून सुटा, एकाकी आढळेल, ही त्यातील महत्त्वाची खूण होती. १९९५ मध्ये फर्मी प्रयोगशाळेत टॉप क्वार्कचा शोध लागला, तेव्हा अशा सुट्या कणांच्या खुणेचा मोठा उपयोग झाला.

प्रोटॉनच्या अंतरंगाशी अधिक थेट संबंध असलेले त्यांचे कार्य जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांच्यासमवेतचे आहे. प्रकाशकण म्हणजे फोटॉन हा साधा कण मानला जातो. परंतु उच्च ऊर्जेला तो क्षणभर क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या रूपात वावरू शकतो आणि त्या अवस्थेत त्याचे घटक प्रोटॉनमधील ग्लुऑनांशी टक्कर घेऊ शकतात. हेरा यंत्रावर अशा टक्करींचे प्रमाण मोठे असेल, असे ड्रेस व गोडबोले यांनी ते यंत्र सुरू होण्यापूर्वीच दाखविले होते. यंत्र सुरू झाल्यावर त्याला पुष्टी मिळाली. १९९१ मध्ये त्यांनी हाच विचार भावी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांना लावला आणि फोटॉनांच्या परस्पर टक्करींमुळे अनपेक्षित कणांची गर्दी होईल, असा इशारा दिला. त्यानंतर अशा यंत्रांचे आराखडे करताना हा परिणाम विचारात घेणे क्रमप्राप्त झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचा 'लीलावतीज् डॉटर्स' हा २००८ मधील ग्रंथ त्यांनी राम रामस्वामी यांच्यासमवेत संपादित केला होता.

येथे इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, यातील बरेचसे काम स्वायत्त संशोधन संस्थेत नव्हे, तर अध्यापनाचा भार असलेल्या एका राज्य विद्यापीठाच्या विभागात झाले. त्यासाठी प्रवेगक लागला नाही. अद्ययावत शोधनिबंध, जवळच्या संशोधन संस्थेशी संपर्क आणि परदेशातील सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार एवढी साधने पुरेशी ठरली. परंतु ही 'एवढी' साधनेही त्या काळी मुंबईबाहेर दुर्मीळ होती.

६. टक्करयंत्रांतील भागीदारी

तिसरा मार्ग प्रत्यक्ष प्रयोगांत सामील होण्याचा. फर्मी प्रयोगशाळेतील डीझीरो प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ व पंजाब विद्यापीठ यांचे गट सहभागी होते. १९९१ मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने सर्नशी सहकार्य करार केला. २७ किलोमीटर परिघाचे लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे यंत्र उभारताना भारताने चुंबकांसाठीचे आधार, अतिसंवाहक सुधारक चुंबक व इतर घटक पुरविले. त्याच यंत्रावरील सीएमएस या प्रयोगासाठी मुंबईच्या संस्थेने बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापकाच्या उभारणीत प्रमुख वाटा उचलला. टक्करीतून निघालेल्या फवाऱ्यांची जी ऊर्जा आतील थरांतून निसटते, ती मोजणे हे या भागाचे काम. पुण्याची आयसर ही संस्थाही पुढे या प्रयोगात सामील झाली. १६ जानेवारी २०१७ रोजी भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

या यंत्रात प्रोटॉनची प्रोटॉनशी टक्कर होते, असे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः टक्कर होते ती त्यांच्यातील एखाद्या क्वार्कची वा ग्लुऑनची. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज कण मुख्यतः दोन ग्लुऑनांच्या संयोगातून निर्माण होतो. प्रोटॉनमध्ये कोणत्या संवेगाचे किती ग्लुऑन आहेत, याची हेरासारख्या यंत्रांनी केलेली मोजदाद हाती नसती, तर हिग्ज कण किती वेळा दिसावा याचे भाकीत करता आले नसते. प्रोटॉनच्या अंतरंगाचा अभ्यास हा अशा रीतीने नव्या कणांच्या शोधाचा पाया ठरला.

७. परिवलनाचा अनुत्तरित प्रश्न

प्रोटॉनला स्वतःचे परिवलन असते. ते त्यातील तीन क्वार्कांच्या परिवलनांतून येते, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. १९८८ मध्ये सर्नच्या युरोपियन म्यूऑन सहयोगाने प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी हे गृहीतक कोसळले. क्वार्कांचा वाटा आश्चर्यकारकरीत्या कमी निघाला. पुढील प्रयोगांनी तो सुमारे तीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे दाखविले. उरलेला वाटा ग्लुऑनांचा किती आणि घटकांच्या कक्षीय गतीचा किती, याचा शोध अद्याप चालू आहे.

या शोधात मूळचे मुंबईचे अभय देशपांडे यांचे कार्य उल्लेखनीय आहे. येल विद्यापीठात पीएच. डी. केलेल्या देशपांडे यांनी सर्नमधील परिवलनविषयक प्रयोगांत व नंतर ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील ध्रुवित प्रोटॉनांच्या टक्करींत भाग घेतला. २००० मध्ये सुरू झालेल्या तेथील यंत्राच्या निष्कर्षांवरून प्रोटॉनच्या परिवलनात ग्लुऑनांचाही लक्षणीय वाटा असल्याचे २०१४ च्या सुमारास दिसून आले. गोडबोले ज्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात शिकल्या, तेथेच देशपांडे प्राध्यापक आहेत. इलेक्ट्रॉन-आयन टक्करयंत्राच्या वैज्ञानिक मांडणीत त्यांनी नेतृत्वाची भूमिका बजावली. या यंत्रासाठी ब्रुकहेवनची निवड जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. प्रोटॉनचे वस्तुमान व परिवलन त्याच्या घटकांतून कसे साकारते, हा त्या यंत्रापुढील मुख्य प्रश्न असेल. मुंबईच्या आयआयटीतही प्रोटॉनच्या त्रिमितीय रचनेवर सैद्धांतिक संशोधन होत आले आहे.

८. परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

वरील इतिहासात मुंबई व पुणे वारंवार येतात. मराठवाडा केवळ फुग्यांच्या वाटेवर येतो. याची कारणे या प्रदेशाच्या इतिहासात आहेत. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील एकमेव विद्यापीठ, १९१८ चे उस्मानिया, हैदराबाद शहरात होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झाले. परभणीची महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मधील आहे. म्हणजे स्टॅनफर्डमध्ये हॉफस्टॅटर प्रोटॉनची त्रिज्या मोजत होते, तेव्हा या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठही नव्हते.

परंतु उशीर हे एकच कारण नव्हे. स्वातंत्र्याच्या आसपास मूलभूत संशोधन कोठे व्हावे, याविषयी दोन मते होती. भाभा यांचा भर निवडक माणसांभोवती उभारलेल्या स्वतंत्र संस्थेवर होता. मेघनाद साहा यांच्या मते विद्यापीठांना बळ दिल्याशिवाय अशी संस्था टिकाऊ पाया घालू शकणार नव्हती. प्रत्यक्षात भाभांचा मार्ग स्वीकारला गेला. त्यातून जागतिक दर्जाच्या संस्था उभ्या राहिल्या, हे यश नाकारता येत नाही. मात्र त्याचबरोबर अध्यापन विद्यापीठांकडे व संशोधन संस्थांकडे, अशी विभागणीही रुजली. तिची सर्वाधिक किंमत जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांनी मोजली. प्रोटॉनविषयीचे शेवटचे वाक्य 'त्यात तीन क्वार्क असतात' यावर थांबते, ते शिक्षकांच्या अनास्थेमुळे नव्हे. ज्ञाननिर्मितीच्या साखळीतून ही महाविद्यालये वगळली गेल्यामुळे.

संशोधन संस्था जिल्ह्यात आली की काय घडते, याचे उदाहरण परभणीतच आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे ज्वारी-कापसाच्या वाणांवरील संशोधन येथील शेतकऱ्याच्या बोलण्याचा भाग झाले. भौतिकशास्त्राच्या बाबतीत तशी शक्यता आता प्रथमच निर्माण झाली आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरींच्या वेधासाठी लायगो-इंडिया हा चार किलोमीटर लांबीच्या भुजांचा प्रकल्प नियोजित असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. विषय प्रोटॉनचा नसला, तरी प्रश्न तोच आहे : हा प्रदेश पुन्हा केवळ जमीन पुरविणार की माणसेही?

दुसरी शक्यता अधिक जवळची आहे. नोव्हेंबर २०१४ पासून सर्नने सीएमएस प्रयोगातील प्रत्यक्ष टक्करींची माहिती सर्वांसाठी खुली केली. एके काळी गोडबोले यांच्यासारख्या अभ्यासकांना प्रयोगगटांच्या प्रकाशित आलेखांवर अवलंबून राहावे लागे. आज परभणीच्या महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थी संगणकावर त्याच टक्करींतील म्यूऑनांच्या जोड्या निवडून त्यांतून झेड कणाचे वस्तुमान स्वतः काढू शकतो. त्यासाठी प्रवेगक नको; संगणक, इंटरनेट जोडणी आणि मार्गदर्शन करू शकणारा शिक्षक हवा. यातील पहिल्या दोन गोष्टी खरेदी करता येतात. तिसरी घडवावी लागते.

९. समारोप

प्रोटॉनच्या अंतरंगाच्या शोधाचा शतकभराचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रोटॉनचे चित्र प्रत्येक नव्या यंत्राबरोबर बदलत गेले : बिंदू, पसरलेला भार, तीन क्वार्क आणि शेवटी क्वार्क, प्रतिक्वार्क व ग्लुऑन यांची सतत बदलणारी गर्दी. यातील कोणत्याही टप्प्याला अंतिम सत्य म्हणून शिकविणे इतिहासाला धरून नाही. दुसरी, महाराष्ट्रातील संशोधकांनी साधनांच्या अभावाला वळसा घालून यात स्थान मिळविले. यंत्र नव्हते तेव्हा आकाशाचा, मग गणिताचा आणि पुढे आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आधार घेतला. तिसरी, हे स्थान भौगोलिकदृष्ट्या अत्यंत विषम राहिले आणि त्या विषमतेमागे केवळ पैशांची नव्हे, तर संस्थात्मक निर्णयांची परंपरा आहे.

जे निर्णयांतून घडले ते निर्णयांतून बदलताही येते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात खुल्या टक्कर-माहितीवर आधारित प्रात्यक्षिकांचा समावेश, संशोधन संस्थांतील अभ्यासकांची जिल्हा महाविद्यालयांत नियमित व्याख्याने आणि महाविद्यालयीन शिक्षकांना त्या संस्थांत काही महिने काम करण्याची सवलत, या तीन उपायांना प्रवेगकाच्या तुलनेत नगण्य खर्च येईल. मुंबई विद्यापीठाच्या एका विभागात तेरा वर्षे शिकविता शिकविता हॅम्बुर्गच्या यंत्रात काय दिसेल हे आधी सांगता आले. तसे काम गोदाकाठच्या महाविद्यालयातून होणे अशक्य आहे, असे मानण्यास इतिहासात आधार सापडत नाही.